षष्ठीचा वाद : ‘संदेश’चे वाचक आणि फाळके यांचे पुनरागमन

‘फाळक्यांचा चित्रपट’ या दोन शब्दांत मराठीतील षष्ठी विभक्तीचा जो प्रयोग आहे, त्याचा अर्थ वाटतो तितका सरळ नाही. ‘रामाचे घर’ म्हटले म्हणजे घराचा मालक राम, की ते बांधणारा राम, की त्यात भाड्याने राहणारा राम, हे षष्ठी सांगत नाही. ते ऐकणाऱ्याने संदर्भावरून ठरवावयाचे असते. व्याकरणकारांनी षष्ठीचे स्वामित्वसंबंध, जन्यजनकसंबंध इत्यादी भेद सांगितले आहेत खरे. परंतु बोलणाऱ्याच्या मनात ते भेद वेगळे असतातच असे नाही. व्यवहारात तंटा उपस्थित झाला म्हणजेच ते वेगळे होतात. घराची वाटणी निघेपर्यंत ‘आमचे घर’ या शब्दांतील ‘आमचे’ कोणाचे, हे कोणी विचारीत नाही.

मराठी चित्रपटाच्या इतिहासात असा तंटा फार लवकर, म्हणजे चित्रपट जन्मास येऊन दहा वर्षे होण्यापूर्वीच उपस्थित झाला आणि त्यात वाचकांनी व प्रेक्षकांनी आपले मत छापील कागदावर नोंदविले. पुढचा मोठा चित्रपट कोणाच्या हातून निघावा, याविषयी रसिकांत होणारी हुज्जत ही आजच्या काळाची देणगी आहे अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. १९२२ च्या सुमारास ‘संदेश’ पत्रात झालेला प्रकार पाहिला म्हणजे ती समजूत टिकत नाही. हा प्रकार चरित्रकारांना माहीत आहे; परंतु तो बहुधा फाळके यांच्या आयुष्यातील एक हृद्य आख्यायिका म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्याकडे प्रेक्षकाच्या बाजूने पाहण्याचा विचार आहे.

त्या काळचा मराठी प्रेक्षक हा मुळात नाटकाचा प्रेक्षक होता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. नाटकमंडळीत आज ज्याला दिग्दर्शक म्हणतात त्याचे काम करणारा मनुष्य असे. त्याला तालीममास्तर म्हणत. गोविंद बल्लाळ देवल यांनी किर्लोस्कर मंडळीत नटांकडून जी मेहनत करवून घेतली, तिच्यावर त्या मंडळीचा लौकिक पुष्कळ अंशी उभा होता. परंतु थिएटरात बसलेल्या मनुष्याला तालीममास्तर दिसत नसे, व जे दिसत नाही त्याच्यासाठी तो भांडतही नसे. देवलांचे नाव लोकांच्या तोंडी होते ते ‘शारदा’ नि ‘मृच्छकटिक’ यांचे कर्ते म्हणून. तालमीतील देवल मंडळीच्या बिऱ्हाडाबाहेर क्वचितच गेले.

भांडण होई ते नटांवरून. बालगंधर्वांचे चाहते आणि केशवराव भोसल्यांचे चाहते असे दोन तट होते, व ते नुसते घरगुती गप्पांतले तट नव्हते. १९२१ च्या ८ जुलै रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व व धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव उभे राहिले, तेव्हा हे दोन्ही तट एका छपराखाली आले. तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर रोजी केशवराव वारले. त्यामुळे त्या रात्रीला मागाहून दंतकथेचे रूप आले. येथे आपणास एवढेच पाहावयाचे आहे की, ‘बालगंधर्वांची भामिनी’ या प्रयोगातील षष्ठी कोणालाही घोटाळ्यात टाकीत नव्हती. भामिनी खाडिलकरांनी लिहिली, तालीम कोणी दिली ते कोणास ठाऊक, मंडळीचा मालक कोण हाही निराळा प्रश्न. पण भामिनी बालगंधर्वांची. जो दिसतो, ज्याचा आवाज ऐकू येतो, त्याची.

याच पार्श्वभूमीवर फाळके यांचा प्रकार मला विशेष वाटतो. कारण येथे लोकांनी मागणी केली ती पडद्यावर न दिसणाऱ्या मनुष्याची.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात लोकांपुढे आला आणि त्याच वर्षी त्यांनी आपला सारा कारखाना नाशकास नेला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ आणि १९१७ चा ‘लंकादहन’ हे नाशकातले काम. या सर्व चित्रपटांत कथा रचणारे, नट निवडून त्यांना शिकविणारे, यंत्र चालविणारे, फिती धुणारे आणि कर्ज काढणारे फाळकेच होते. पत्नी सरस्वतीबाई फितीला भोके पाडण्यापासून मंडळींच्या जेवणापर्यंत सर्व पाहत. म्हणजे ‘फाळक्यांचा चित्रपट’ असे कोणी म्हटले तर षष्ठीचे जेवढे अर्थ होऊ शकतात तेवढे सर्व एकदमच खरे होते. मालक तेच, कर्ते तेच. नटदेखील जवळजवळ घरचेच : हरिश्चंद्राचा रोहिदास त्यांचा मुलगा भालचंद्र, आणि १९१९ च्या ‘कालियामर्दन’मधील बाळकृष्ण म्हणजे त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी.

परंतु केवळ सर्व कामे एकाच्या हाती असल्याने लोकांना तो माणूस दिसतो असे नव्हे. फाळके दिसले ते त्यांनी आपणास दाखविले म्हणून. १९१७-१८ मध्ये त्यांनी ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली. ती आजही वाचनीय आहे. तिच्यात स्वदेशीचा अभिमान आहे, धंद्याचा हिशेब आहे, आणि आपले हाल सांगताना येणारा एक प्रकारचा खट्याळ करुण रस आहे. शिवाय त्याच सुमारास त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारी एक छोटी फीत काढली. तिचा काही भाग सुदैवाने उरला आहे. तीत फाळके स्वतः नटांना सूचना देताना, फीत तपासताना दिसतात. तालीममास्तर पडद्यामागून पडद्यावर आला तो येथे. नाटकाच्या प्रेक्षकाला जे कधी पाहावयास मिळाले नव्हते ते सिनेमाच्या प्रेक्षकाने पाहिले, व पुढे जेव्हा तो माणूस नाहीसा झाला तेव्हा काय नाहीसे झाले हे त्याला कळू शकले. त्या लहानशा फितीला आपले इतिहासकार जाहिरातीचा एक नमुना म्हणून बाजूला ठेवतात, ते मला योग्य वाटत नाही.

येथे थोडे विषयांतर करून भूगोलाकडे वळावे लागते. चित्रपट तयार होत नाशकात आणि त्यांची मोठी मिळकत होई मुंबईत. या दोहोंच्या मध्ये सह्याद्री आहे, व सह्याद्री ओलांडण्याची रेल्वेची वाट म्हणजे कसाऱ्याचा थळ घाट. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा हा घाट १८६५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. ३७ फुटांस १ फूट असा त्याचा चढ. इगतपुरीकडे चढणाऱ्या गाडीस कसाऱ्यास मागून आणखी एंजिने लावावी लागतात, आणि तोवर गाडी खोळंबते. फाळके यांच्या मुंबईच्या खेपा, त्यांच्या फितींचे डबे, पुढे भागीदारांचे हेलपाटे, जे जे रेल्वेने गेले ते सारे या घाटातून गेले. मुंबईहून जबलपूर-अलाहाबादमार्गे काशीकडे जाणारा लोहमार्गही हाच.

आणि तरीही कसारा, शहापूर, मुरबाड या टापूतील मनुष्य या सबंध वादात कोठेच नाही. मुरबाडास तर रेल्वेही पोचलेली नव्हती. या डोंगरपट्ट्यातील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या वस्त्यांत वर्तमानपत्र वाचणारे किती असणार? म्हशाच्या जत्रेला मुरबाड तालुक्यातील व बाहेरील माणूस पौष महिन्यात लोटतो, तो गुरे नि घोंगड्या यांच्या खरेदीला आणि देवाच्या दर्शनाला; त्याचे मत ‘संदेश’च्या कचेरीत पत्राने गेले असेल अशी कल्पनाही करवत नाही. वास्तविक फाळके यांच्या चित्रपटाचे बळ या निरक्षर प्रेक्षकात होते. ‘लंकादहन’च्या वेळी पडद्यावर राम आला की लोक पादत्राणे काढून हात जोडीत, तिकिटांच्या नाण्यांच्या थैल्या बैलगाडीत घालून न्याव्या लागल्या, असे सांगतात. बैलगाडीची गोष्ट वाढवून सांगितलेली असेल. हात जोडल्याची नसावी. ज्याने हात जोडले त्याला राम कोणी दाखविला याची चौकशी करण्याचे कारण नव्हते. त्या रामाचे काम करणारे अण्णा साळुंके हेच त्या चित्रपटात सीताही होते. ही गोष्ट आपणास नवलाची वाटते, त्या प्रेक्षकाला वाटली नाही. तेव्हा पुढे जी पत्रे आली ती ‘प्रेक्षकांची’ असे म्हणताना थोडे जपले पाहिजे. ती वाचणाऱ्या प्रेक्षकांची पत्रे होती.

आता मूळ तंट्याकडे येऊ. ‘लंकादहन’च्या यशानंतर फाळके यांच्या धंद्यात भांडवल घालू इच्छिणारे पुष्कळ पुढे आले. लोकमान्य टिळकांसारख्यांनीही मर्यादित कंपनी काढण्याच्या विचारास पाठबळ दिले होते. शेवटी १९१८ च्या आरंभी हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली ती वामन श्रीधर आपटे व इतर धनिक भागीदारांबरोबर. फाळके हे काम करणारे भागीदार. ऑगस्ट १९१८ मध्ये ‘श्रीकृष्णजन्म’ मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’ निघाला, आणि दोन्हींनी पैसा दिला. परंतु षष्ठीचे अर्थ याच वेळी एकमेकांपासून सुटू लागले होते. पैसा ज्यांचा त्यांना खर्चाचा नि वेळेचा हिशेब हवा होता. हात ज्यांचे त्यांना हिशेब विचारला जाणे हाच अपमान वाटत होता. यात कोणा एकाला खलपुरुष ठरविण्याची चरित्रकारांची रीत मला पटत नाही. आपल्या कारखान्यात रात्री किती वाजता दिवे मालवायचे हे कोणी तरी दुसऱ्याने ठरवावे, ही गोष्ट फाळके यांच्या प्रकृतीस मानवणारी नव्हती, आणि दिव्याच्या तेलाचे पैसे देणाऱ्यास ती विचारण्याचा अधिकार नव्हता असेही म्हणता येत नाही.

फाळके कंपनीतून बाहेर पडले व सहकुटुंब काशीस जाऊन राहिले. सिनेमा सोडला असे त्यांनी जाहीर केले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले. चित्रपटाचा आद्य कर्ता चित्रपटास कंटाळून नाटकाकडे वळावा, आणि त्या नाटकाचे नावही ‘रंगभूमी’ असावे, यात त्या काळच्या कलांच्या प्रतिष्ठेची उतरंड स्पष्ट दिसते. हे नाटक १९२२ मध्ये मुंबईस झाले ते त्याच बालीवाला थिएटरात, जेथे आदल्याच वर्षी दोन नटांना एकत्र पाहण्यास मुंबई लोटली होती. ‘रंगभूमी’ला प्रतिसाद बेताचाच मिळाला.

इकडे नाशकास कंपनी बंद पडली नव्हती. फाळके नाहीत म्हणून यंत्रे थांबत नाहीत, हे मालकांनी दाखवून दिले व दुसऱ्यांच्या हातून चित्रपट काढणे चालू ठेवले. पडद्यावर तेच देव, तशीच कथानके, तोच नाशकचा गोदाकाठ. शिवाय कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली होती. तिचा ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला आणि टिळकांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. म्हणजे जाणत्या प्रेक्षकापुढे आता तुलनेचा माल होता. एकाच नावाची कंपनी, पण हात निराळा. आणि निराळी कंपनी, तीत तितकाच कसलेला हात. ‘हात’ म्हणून काही वस्तू आहे, ती कंपनीहून वेगळी आहे, हे कळण्यास याहून चांगली शाळा नव्हती.

या वेळी प्रवेश करतात ते अच्युत बळवंत कोल्हटकर. ‘संदेश’ हे दैनिक त्यांनी १९१५ मध्ये मुंबईस काढले. त्यांच्याविषयी मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात पुष्कळ लिहिले गेले आहे, व त्यातील बराच भाग नाक मुरडून लिहिलेला आहे. अग्रलेखाच्या जडशीळ भाषेस कंटाळलेल्या वाचकाला त्यांनी चटकदार मजकूर दिला. ‘वत्सलावहिनीची पत्रे’ ही त्यांचीच कल्पना. स्वतः नाटके लिहिणारा हा संपादक होता, त्यामुळे कोठे पडदा टाकावा नि कोठे उचलावा हे त्याला पक्के ठाऊक होते.

कोल्हटकरांनी काशीस फाळके यांना पत्र लिहून चित्रपटाकडे परत येण्याची विनंती केली. सिनेमापुरते बोलावयाचे तर आपण मेलोच आहोत, परत येण्याची इच्छा नाही, अशा आशयाचे उत्तर फाळके यांनी दिले. दुसरा संपादक ते उत्तर खिशात घालून स्वस्थ बसला असता. कोल्हटकरांनी ते ‘संदेश’मध्ये छापले आणि त्यावर मथळा दिला तो दादासाहेब फाळके मृत झाल्याचा. पत्रातले रूपक त्यांनी मथळ्यात वाच्यार्थाने वापरले! यावर वाचकांची पत्रे येऊ लागली : फाळके यांनी परत यावे, चित्रपट काढावेत. कोल्हटकरांनी ती एकामागून एक प्रसिद्ध केली आणि ते सर्व अंक काशीस पाठवून दिले. ते वाचून फाळके यांचे मन वळले व ते नाशकास परतले.

कथा म्हणून ही इतकी नीटस आहे की, तिच्याविषयी संशय यावा. मी तीन गोष्टी विद्यार्थ्यांच्या नजरेस आणू इच्छितो. पहिली म्हणजे ज्या पत्रात वत्सलावहिनीसारखी कल्पित व्यक्ती नेमाने पत्रे लिहीत होती, त्याच पत्रातील ‘वाचकांची पत्रे’ सर्वच्या सर्व खरी धरून चालण्यास आधार काय? संपादकाला लेखणी हलकेच हाती घ्यावयास काही अडचण नव्हती. दुसरी, पत्रे एकतर्फी होती. कोणा वाचकाने ‘गेले ते बरे झाले, बाबूरावांचे काम अधिक सरस आहे’ असे लिहिले असेल तर ते छापून संपादकाचा हेतू साधला नसता. खऱ्या वादात दोन बाजू असतात. येथे आपल्या हाती आली आहे ती एका बाजूची मिरवणूक. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पत्रे खरी असोत की त्यांत काही संपादकाच्या घरची असोत, ती ज्या रूपात रचली गेली ते रूप वाचकाला ओळखीचे वाटले पाहिजे होते. चित्रपट चांगला होण्यासाठी अमुकच एक मनुष्य हवा, कंपनी असून भागत नाही, हा विचार १९२२ मध्ये मुंबईच्या मराठी वाचकाला वेडगळ वाटला नाही. तो पत्रात छापण्याजोगा विचार होता, त्यावर अंक खपत होते. दहा वर्षांपूर्वी असा विचार कोणी मांडला असता तर त्याला तो ज्या मनुष्याविषयी मांडावयाचा त्याला शब्दही सापडला नसता.

शब्दाचा उल्लेख आलाच आहे तर त्याचाही थोडा विचार करू. ‘दिग्दर्शन’ हा संस्कृत शब्द मराठीत आधीपासून आहे, पण त्याचा अर्थ वेगळा : दिशा दाखविणे, विषयाची नुसती ओझरती कल्पना देणे. ‘येथे केवळ दिग्दर्शन केले आहे’ असे आपण प्रबंधात आजही लिहितो, आणि त्यात नम्रता असते; सविस्तर काम दुसऱ्याने करावे असे सुचविलेले असते. याच शब्दाला चित्रपटात नेमका उलट भार आला. जो सर्व काही करवून घेतो, ज्याच्या शब्दाबाहेर काही होत नाही, तो दिग्दर्शक. माझ्या समजुतीप्रमाणे हा नवा अर्थ पक्का झाला तो बोलपटाच्या काळात, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’नंतर, जेव्हा कंपन्यांतील कामांची वाटणी ठरली आणि प्रत्येक कामास नाव देणे भाग पडले. ‘मूकपट’ हा शब्दही तसाच मागाहूनचा. बोलपट आल्यावाचून आधीच्या पटांना मुके म्हणण्याचे कारणच काय होते? फाळके यांच्यासाठी पत्रे लिहिणाऱ्यांजवळ ‘फाळके’ हे विशेषनामच होते, आणि त्याच्या मागे लागलेले ‘दादासाहेब’. नात्यातल्या हाकेतून निघालेले हे आदरनाम त्यांच्या हुद्द्याची जागा भरून काढीत होते. हुद्द्याला पर्याय शोधता येतो, दादासाहेबांना पर्याय कोठून आणावयाचा?

पत्रांनी फाळके परत आले, परंतु कशासाठी परत आले हे पाहिले म्हणजे वाचकांच्या विजयाची किंमत कळते. हिंदुस्थान कंपनीत त्यांना पुन्हा घेतले ते भागीदार म्हणून नव्हे, तर पगारावर नेमलेला निर्मितिप्रमुख म्हणून. वाचकांनी मागितले होते ते फाळके यांचे हात, ते मिळाले. ते हात कोणाच्या हिशेबाने चालावेत याविषयी पत्रांत काही मागितले नव्हते, आणि मागितले असते तरी ते देणे संपादकाच्या हाती नव्हते. ‘फाळक्यांचा चित्रपट’ पुन्हा निघू लागला, पण त्यातील षष्ठी आता कर्त्याची होती, स्वामीची नव्हती. त्यानंतरची वर्षे खटक्यांचीच गेली. पुन्हा वेगळे होणे, पुन्हा येणे असे चालले. १९२७-२८ मध्ये सरकारने नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीपुढे फाळके यांची साक्ष झाली, तेव्हा देशी चित्रपटांतील अभिनय, छायालेखन आणि एकंदर कलेची जाण या सर्वांविषयी त्यांनी अत्यंत कडवट मत दिले. वाचकांच्या पत्रांनी सुखावलेला मनुष्य असे बोलत नाही.

पुढे हा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो प्रभात कंपनीत, आणि तेथे तो अगदी निराळ्या तऱ्हेने सुटला. १९२९ मध्ये कोल्हापुरास निघालेली व १९३३ मध्ये पुण्यास आलेली ही कंपनी भागीदारांची होती. पण भागीदार स्वतःच कारागीर असल्यामुळे मालक नि कर्ता हा भेद तिच्यात बराच काळ झाकलेला राहिला. संतपटांची मालिका ही त्या काळची सर्वांत लोकप्रिय मालिका म्हणता येईल. १९३६ चा ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक चालला, व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. त्याचे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल. परंतु बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाच्या तोंडी नाव असे ते विष्णुपंत पागनिसांचे, आणि कंपनीचे. ‘प्रभातचा तुकाराम’ हा शब्दप्रयोग पाहा. येथे षष्ठी व्यक्तीला न लागता तुतारीच्या चिन्हाला लागली आहे. पुढे ‘संत ज्ञानेश्वर’, ‘संत सखू’ आले, तेव्हाही ते कोण करणार ही चिंता प्रेक्षकाला नव्हती. ‘प्रभात’ करणार एवढे पुरे होते.

ती चिंता १९४२ नंतर करण्याजोगी झाली. व्ही. शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी राजकमल कलामंदिर काढले. मागे राहिलेल्या ‘प्रभात’ने रामशास्त्री प्रभुण्यांवरील मोठा चित्रपट हाती घेतला, व तो पुरा होईपर्यंत राजा नेने, विश्राम बेडेकर आणि गजानन जागीरदार अशा तिघांचे हात त्यास लागले. १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’ पडद्यावर आला तो जागीरदारांच्या नावाने. रामशास्त्र्यांची भूमिकाही त्यांचीच. इतके हात बदलूनही चित्रपट बांधीव उतरला हे आश्चर्य आहे. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, हा सारा निर्णय स्टुडिओच्या भिंतीआड झाला. कोणा कोल्हटकरांनी मथळा दिला नाही, वाचकांच्या पत्रांनी कोणाचे मन वळले नाही. वीस वर्षांत धंदा मोठा झाला होता, आणि मोठ्या धंद्यात पत्र टाकण्याची पेटी कोठे आहे हे बाहेरच्यास कळत नाही. ‘रामशास्त्री’ ज्या वर्षी लागला त्याच वर्षी फेब्रुवारीच्या १६ तारखेस फाळके नाशकास वारले. त्यांचा अखेरचा चित्रपट ‘गंगावतरण’ १९३७ मधला. एकुलता एक बोलपट, आणि तोही कोल्हापूर सिनेटोन या दुसऱ्याच्या संस्थेसाठी केलेला.

आजचा वाद पाहावयाचा तर तो शिवचरित्रावरील चित्रपटांभोवती ऐकू येतो. कसाऱ्याहून मुंबईस जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये वासिंद-आसनगाव येईपर्यंत उभे राहण्यास जागा असते, तोवर कामावर निघालेले तरुण हीच चर्चा करताना मी अनेकदा ऐकले आहे, आणि ती मला पुष्कळ परिसंवादांहून अधिक नेमकी वाटते. ‘भालजींचा शिवाजी’ हा शब्दप्रयोग अद्याप वडीलधाऱ्यांकडून या पिढीपर्यंत पोचलेला आहे. भालजी पेंढारकर यांच्या १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’त महाराजांची भूमिका चंद्रकांत मांडरे यांची होती, तरी ‘चंद्रकांतचा’ असे फारसे कोणी म्हणत नाही. २०१८ च्या ‘फर्जंद’पासून दिग्पाल लांजेकर यांनी शिवकालावर ओळीने चित्रपट काढले, व ‘दिग्पालचा’ ही षष्ठी रूढ झाली. हिरकणीच्या बुरुजापासून पन्हाळ्याच्या वाटेपर्यंत कोणता प्रसंग कोणी करावा, कोणाला गड दाखविता येतो व कोणाला माणसे, यावर डब्यात दोन तट पडतात. ज्या शहापूर-मुरबाडच्या माणसाचे मत १९२२ मध्ये कोठेच उमटले नाही, त्याचा नातू आज हे मत आपल्या बोलीत, कोणत्याही संपादकाच्या परवानगीवाचून मांडतो आहे. या पट्ट्यातील बोलीत ‘दिग्दर्शक’ हा शब्द मी सहसा ऐकला नाही. ‘डायरेक्टर’ ऐकला, आणि त्याहून अधिक वेळा ऐकला तो नुसता प्रश्न : ‘काढतो कोण?’ चित्रपट ‘काढणे’ हे मराठी क्रियापद पैसा घालणारा आणि काम करणारा या दोघांनाही चालते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

२०२० च्या शिवजयंतीस, १९ फेब्रुवारी रोजी, नागराज मंजुळे यांच्या दिग्दर्शनाखाली शिवचरित्रावर तीन भागांचा चित्रपट काढण्याची घोषणा झाली. निर्माते व नायक म्हणून रितेश देशमुख आणि संगीतासाठी अजय-अतुल ही नावे होती. ‘फँड्री’ नि ‘सैराट’ करणाऱ्या मनुष्याने शिवाजीमहाराजांवर चित्रपट करावा, यात केवळ कुतूहल नव्हते. महाराज कोणाचे, रयतेच्या कोणत्या थरातून त्यांच्याकडे पाहावयाचे, हा महाराष्ट्रात दीडशे वर्षे चाललेला वाद दिग्दर्शकाच्या एका नावात आला होता. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये पवाडा रचला तेव्हापासून शिवाजीराजांच्या मागे लागणारी षष्ठी ही निर्मळ व्याकरणाची गोष्ट राहिलेली नाही. त्या घोषणेप्रमाणे चित्रपट निघाला नाही. २०२४ मध्ये ‘राजा शिवाजी’ हा चित्रपट जाहीर झाला तो रितेश देशमुख यांच्याच दिग्दर्शनाखाली. महाराजांची भूमिका तेच करणार आणि निर्मितीतही त्यांच्या घरची संस्था. मालक, कर्ता आणि नट हे षष्ठीचे तिन्ही अर्थ, १९१३ मध्ये होते तसे, एका घरात आले. मंजुळे असते तर काय झाले असते, हा तट मात्र कसाऱ्याच्या गाडीत मोडलेला नाही.